पंचवीस सुतांचं इंजिन

खानदेशात जुनी जीप विकत घ्यायला गेलात, तर बॉनेट उघडण्याआधी पुढच्या चाकापाशी बसा. चाकाच्या मधली टोपी आणि तिच्यामागची सहा बोल्टांची फ्लँज काढायला सांगा. आत बेअरिंग धरून ठेवणारा मोठा सहाकोनी नट दिसेल. त्याच्या कडा शाबूत असतील, तर ती गाडी जाणत्या हाताखालून गेलेली आहे. कडांवर छन्नीचे घाव असतील, तर त्या नटाला आजवर त्याचा पाना मिळालेला नाही. अशा गाडीत पुढे जे जे उघडाल, तिथे तिथे तेच घाव दिसतील.

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या जीपा गंजाने फार कमी मेल्या. कोकणात पावसाळी दमट हवा पत्रा खाते. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे शेडमध्ये वीस वर्षं उभी राहिलेली जीपही चेसिसला धडधाकट निघते. तिचा घात होतो तो चुकीच्या पान्याने आणि हातोड्याने. म्हणून घरी जीप नव्याने उभी करायची तर पैसा आधी रंगावर आणि गाद्यांवर न घालता हत्यारांवर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

या गाडीचा इतिहास मुंबईमार्गे आपल्यापर्यंत आला. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४५ला, लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच या कंपनीने मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीपा बाहेर काढायला सुरुवात केली. पुढे भागही इथेच बनू लागले.

खानदेशात शेडमध्ये किंवा चिंचेखाली उभी दिसते ती बहुतेक सीजे-थ्रीबी. अमेरिकेत ती १९५३ला आली आणि १९६८ला थांबली. आपल्याकडे तिचा वंश त्यानंतरही चालूच राहिला. तिचं बॉनेट आधीच्या जीपेपेक्षा चांगलंच उंच आहे, ते इंजिनामुळे. युद्धातल्या जीपेत इंजिनाचे सगळे वाल्व्ह ब्लॉकच्या बाजूला होते. थ्रीबीच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट वाल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट वाल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. तेवढ्याच २.२ लिटरमध्ये ताकद ६० अश्वशक्तीवरून सत्तरीपलीकडे गेली, पण उंची वाढली. ते उंच नाक वाढीव ताकदीची खूण आहे.

ही गाडी बनली सरळ चढायला आणि चिखलातून निघायला. पहिला गिअर आणि ‘लो’चा दांडा टाकला की चाकाची एक फेरी पूर्ण व्हायला इंजिनाला सुमारे ३७ फेऱ्या माराव्या लागतात. माणूस चालतो त्याहून हळू, पण थांबत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यातली पावसाळ्यातली काळी माती असो, की धडगाव-मोलगीकडचा सातपुड्याचा घाट, या गाडीचं गणित इथे जन्मल्यासारखं बसतं.

आता हत्यारांकडे येऊ. जीपेचा प्रत्येक नट इंचाच्या मापाचा आहे आणि आज कुठल्याही दुकानात मिळतो तो पान्यांचा संच मिलिमीटरचा. इथेच पहिली चूक होते. आपल्या जुन्या मिस्त्रींचं माप सुताचं: इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. जीपेवर साडेचार सुताचा नट जागोजागी आहे. त्याला चौदाचा पाना जात नाही आणि पंधराचा ढिला बसतो. ढिला पाना दोन वेळा सटकला की कोपरे गोल होतात. गोल नटाला पाइप पाना लागतो आणि पाइप पान्यानंतर छन्नी. तेव्हा सुती पान्यांचा पुरा संच ही पहिली खरेदी.

या गाडीच्या इंजिनाचं माप सुतात मांडून बघा, मजा वाटेल. सिलिंडरचा बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, म्हणजे नेमके २५ सूत. पिस्टनची चाल नेमकी ३५ सूत. परदेशी यंत्र, पण आपल्या सुतार-लोहारांच्या मापात एकही तुकडा उरत नाही. बोअर घासून किती मोठा झाला हे मात्र सुतात कळत नाही, तिथे थाऊ लागतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मायक्रोमीटर आणि बोअर गेज घरी असलेच पाहिजेत. बोअरिंगचं काम लेथवाल्याचंच, पण माप आपण घेऊन जावं. टप्पटचं अंतर इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६ थाऊ. एक्झॉस्टचे टप्पट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड दडलेले असतात. तिथे साधा जाड पाना फिरत नाही, बारीक जाडीचे टप्पट पाने लागतात. ते नसले की मिस्त्री ‘चालेल’ म्हणून झाकण लावून टाकतो आणि वाल्व्ह हळूहळू जळत राहतो.

मागचं हब हा खरा कसोटीचा क्षण. ॲक्सलचं टोक निमुळतं असतं आणि त्यावर हब चावीने घट्ट बसलेलं असतं. चाळीस-पन्नास वर्षांत ते ॲक्सलशी एकजीव झालेलं असतं. घाईचा माणूस ॲक्सलच्या टोकावर घण घालतो. त्याने आटे बसतात आणि धक्का आत डिफरन्शियलपर्यंत जातो. जळगावात आमच्या अंगणात मे महिन्यात आम्ही ते काम पुलरने केलं. चाकाच्या पाच बोल्टांवर पुलर चढवला. मधला नट पूर्ण न काढता चार आटे ढिला करून तिथेच ठेवला, म्हणजे हब सुटलं तरी अंगावर येऊ नये. पुलर जमेल तेवढा आवळला आणि सोडून दिला. तासाभराने आणखी पाव फेरी. रात्री जेवून ओट्यावर बसलो होतो, तेव्हा अंगणातून एकच ‘टण्ण’ आवाज आला, देवळातल्या घंटेसारखा. कोणी हात न लावता हब सुटलं होतं. आतला निमुळता पोलादी दांडा पन्नास वर्षांपूर्वी बसवला तसा स्वच्छ होता.

चाकांच्या नटांतही एक मेख आहे. विलीजच्या मूळ रचनेत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, म्हणजे चाक फिरताना नट आपोआप सुटू नयेत. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवतोय समजून आवळत राहतो आणि बोल्ट तोडतो. पुढच्या स्टीअरिंगच्या किंगपिन बेअरिंगचा ताण बघायला साधा स्प्रिंगकाटा लागतो: टायरॉड सोडवायचा, काट्याचा आकडा त्याच्या भोकात अडकवून नकल हळूहळू ओढायचं आणि वजन वाचायचं. ज्या काट्यावर कापूस नाहीतर मिरच्या तोलल्या जातात, त्याच जातीचा हा काटा. आणि एक नियम कधीही मोडू नका: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. चेसिसखाली चार घोड्या हव्यातच.

आपल्या उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. रबराचे बुश, ऑइल सील, ब्रेकच्या वॉशर सगळे कडक होतात, तेव्हा दिसायला चांगलं असलं तरी प्रत्येक रबर बदला. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, म्हणून टाकी उतरवून दूर नेल्याशिवाय डब्यावर वेल्डिंगची ठिणगीही पडू देऊ नका. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधा, नाहीतर भर दुपारी पाइपात पेट्रोलची वाफ अडकून गाडी बंद पडते. पंपावर ओला फडका ठेवून गाडी पुन्हा चालू करणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात, म्हणून तिथे ट्रकचे मिस्त्री, लेथवाले, कमानीचे पाटे ठोकणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरी न होणारी कामं त्यांच्याकडे उत्तम होतात. पण याच कौशल्याने एक नुकसानही केलं. पेट्रोल महाग पडू लागलं, तशी जीपांची मूळ इंजिनं उतरली आणि डिझेल इंजिनं चढली. पोटापाण्यासाठी केलेल्या त्या बदलाला दोष देता येत नाही. मात्र आज हिशेब बदलला आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडीच त्यात ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही, पण तिचं जुनेपण सरकारदरबारी मान्य होतं. मूळ इंजिन नसेल, तर हा दरवाजा बंद.

म्हणून जाता जाता एक विनंती. तुमच्या मळ्यातल्या शेडमध्ये, कडब्याच्या गंजीमागे, आजोबांच्या जीपेचं उतरवलेलं पेट्रोल इंजिन पडलेलं असेल, तर ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडा, वर कापड बांधा आणि सुती पान्यांचा संच घेऊन या. पंचवीस सुतांचा तो बोअर अजून मापात येऊ शकतो.