विल्कोने कंट्री खरंच सोडलं का?

शिकागोच्या विल्को या बँडच्या चाहत्यांमधला हा जुना वाद. एका गटाचं म्हणणं, १९९५ च्या ‘ए.एम.’ अल्बमनंतर गायक जेफ ट्वीडीने कंट्री संगीताला हळूहळू रामराम ठोकला आणि २००२ च्या ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’मध्ये बँड पुरता प्रयोगांच्या नादी लागला. मला हे पटत नाही. १९९६ च्या ‘बीइंग देअर’चं पहिलंच गाणं, ‘मिसअंडरस्टूड’, गोंगाटाने उघडतं. म्हणजे प्रयोगांची ओढ दुसऱ्या अल्बमपासूनच होती. उलट ‘यँकी’मधलं ‘जीझस, एट्सेट्रा’ ऐका: मागे व्हायोलिन, चाल सरळ, नुसत्या गिटारवरही उभं राहील असं गाणं. बदलला तो साज; गाण्याचा सांगाडा तोच राहिला.

यावर कुणी २००४ च्या ‘अ घोस्ट इज बॉर्न’मधल्या ‘लेस दॅन यू थिंक’कडे बोट दाखवेल. पंधरा मिनिटांच्या त्या ट्रॅकचा बहुतेक भाग निव्वळ घुमणारा आवाज आहे, हा आक्षेप रास्तच. पण त्याचीही सुरुवात एका हळुवार, साध्या गाण्याने होते. शिवाय २०२२ मध्ये ‘क्रूएल कंट्री’ हा दुहेरी अल्बम आला, तेव्हा बँडला कंट्रीची भाषा नव्याने शिकावी लागली नाही. म्हणून सगळे अल्बम क्रमाने ऐका. धागा तुटलेला नाही हे कानांनाच पटेल.