काळी नाही, हुशार काच

मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं, की पहिला विचार येतो तो काळ्या काचांचा. पण उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही! ती असते अवरक्त किरणांत, म्हणजे ७०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या प्रकाशात. म्हणून काळीकुट्ट काचसुद्धा भरपूर उष्णता आत सोडू शकते, आणि आरपार दिसणारी काच ती अडवू शकते.

साध्या काचेतही थोडी ही करामत असते. गाडीच्या काचेची कड पाहा, हिरवट दिसेल. ही झाक लोहाची. काचेतल्या लोहाचं एक रूप अतिनील किरण शोषतं, तर दुसरं अवरक्त. समोरची काच म्हणजे दोन काचांमध्ये दाबून बसवलेला प्लास्टिकचा थर. तो अतिनील किरण जवळपास पूर्ण अडवतो. बाजूच्या काचांत हा थर बहुधा नसतो, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात रापतो.

काचेवर चिकटवायच्या फिल्ममध्ये तर तऱ्हाच वेगवेगळ्या. स्वस्तातली रंगीत फिल्म मुख्यतः उजेड कमी करते आणि काही वर्षांत जांभळी पडते. धातूचा थर असलेली फिल्म ऊन परतवते, पण जीपीएस आणि फास्टॅगच्या रेडिओलहरींनाही अडथळा करू शकते. खरी कमाल सिरॅमिक फिल्मची. तिच्यात टिन ऑक्साइडसारख्या पदार्थांचे कण असतात, प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी लहान. त्यांतले मोकळे इलेक्ट्रॉन अवरक्त किरण टिपतात आणि दृश्य प्रकाशाला वाट देतात. रेडिओलहरीही सुखरूप पार होतात.

कायद्यालाही अशीच आरपार काच हवी आहे. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फिल्मवर सरसकट बंदी घातली होती. पुढे नियम बदलला, आणि या मर्यादा पाळणारी फिल्म चालेल, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. पण इथे गुणाकार विसरू नका. बाजूची मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ५० टक्केवाली फिल्म चढवली, तर हाती उरतात जेमतेम ३८ टक्के. म्हणजे दंडाला निमंत्रण! त्याच काचेवर ७० टक्केवाली फिल्म लावली तर ५२ टक्के भरतात.

दुकानात फिल्ममागे तापलेला दिवा धरून हात थंड राहतो हे दाखवतात. दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्तच असते, उन्हाची निम्मी. म्हणून प्रयोग खऱ्यापेक्षा भारी वाटतो. तेव्हा दोन आकडे विचारा: दृश्य प्रकाश किती येतो, आणि एकूण सौरऊर्जा किती अडते. दोन्ही जास्त असलेली फिल्म घ्या; ती काळी दिसणार नाही, आणि तेच तिचं कौशल्य.