नोटेवरचा क्रमांक आणि संगणकातला ‘चल’

नाशिक रोडचे नाव देशभर पोहोचले ते येथील छापखान्यांमुळे. १९२५ मध्ये येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस. तोवर भारताच्या नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जात असत. संगणकाची आज्ञावली कशी चालते हे समजून घेण्यासाठी या छपाईइतके जवळचे उदाहरण शोधून सापडणार नाही.

खिशातील एखादी नोट काढून पाहावी. गांधीजींचे चित्र, मूल्य, भाषांची पट्टी हे सारे एका मालिकेतील प्रत्येक नोटेवर सारखेच असते. बदलतो तो क्रमांक. अंक व अक्षरे मिळून तीन चिन्हांचा उपसर्ग आणि त्यापुढे सहा अंक, अशी आजच्या क्रमांकाची रचना आहे. क्रमांकाची जागा ठरलेली, लांबी ठरलेली. फक्त तीत बसणारी किंमत दर नोटेगणिक निराळी. संगणकाच्या परिभाषेत अशा जागेला ‘चल’ किंवा व्हेरिएबल म्हणतात.

आता छपाईची रीत पाहू. छपाईला आरंभ होण्यापूर्वी ठसे तयार केले जातात. एकदा यंत्र सुरू झाले, की चित्र कोठे आणि क्रमांक कोठे याचा विचार ते करीत बसत नाही. सी, सी प्लस प्लस, ॲडा या भाषांची रीत अशीच आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी घडविलेली सी ही त्यांतील सर्वांत परिचित भाषा. तीत लिहिलेली आज्ञावली कंपायलर आधी संपूर्ण वाचतो, तपासतो आणि यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतरित करतो. प्रत्यक्ष काम होते ते त्यानंतर. पायथॉनसारख्या भाषेत एकाच नावाने आता संख्या आणि नंतर एखादा शब्द ओळखला जाऊ शकतो. चलाचा प्रकार आज्ञावली चालतानाच पाहिला जातो. सीमध्ये ती मुभा नाही. तेथे चलाचा प्रकार आधीच सांगावा लागतो.

समजा, बँकेच्या खात्यातील रक्कम ठेवण्यासाठी ‘शिल्लक’ नावाचा चल हवा आहे. सीमध्ये त्याची घोषणा साधारण अशी होईल : ‘इंट शिल्लक = ५००;’. या एका ओळीत तीन गोष्टी आहेत. ‘इंट’ हा प्रकार. तो पूर्णांक असून आजच्या बहुतेक संगणकांवर चार बाइट, म्हणजे ३२ बिट जागा घेतो. ‘शिल्लक’ हे नाव. आणि ५०० ही आरंभीची किंमत. येथील ‘=’ हे चिन्ह गणितातील बरोबरीचे नव्हे. ‘उजवीकडील किंमत डावीकडील जागेत ठेवा’ असा त्याचा अर्थ. म्हणूनच ‘शिल्लक = शिल्लक + १००’ हे गणितात अशक्य, पण आज्ञावलीत नित्याचे वाक्य होय.

यातील नाव हे केवळ माणसाच्या सोयीसाठी असते. कंपायलर त्याच्या जागी स्मृतीतील पत्ता, स्टॅकमधील ठरावीक अंतर किंवा प्रोसेसरमधील रजिस्टर योजतो. चालत्या यंत्राला ‘शिल्लक’ ठाऊक नसते. ठाऊक असते ती जागा. आरंभीची किंमत द्यायला प्रोग्रॅमर विसरला, तर फंक्शनच्या आतील चलात त्या जागेवर आधी जे काही पडले असेल तेच हाती येऊ शकते. भाड्याच्या खोलीत मागच्या बिऱ्हाडाचे सामान निघावे, तसाच हा प्रकार. म्हणूनच चल घोषित करतानाच त्यात किंमत घालावी, हा धडा विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात दिला जातो.

खरा प्रश्न मात्र जागेच्या मापाचा आहे. नोटेवर सहाच अंक असल्याने ९९९९९९ नंतरची संख्या त्या चौकटीत मावत नाही. पुढे जायचे तर उपसर्ग बदलावा लागतो. ३२ बिटच्या ‘इंट’मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे. पैशांचा हिशेब पूर्णांकात राहावा म्हणून रक्कम पैशांत ठेवली, तर ही मर्यादा होते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. घरखर्चाला हे पुष्कळ झाले. पण लहानशा पतसंस्थेच्या एकूण ठेवींनाही ते अपुरे पडेल. त्यात आणखी एक पैसा मिळविला तर काय होईल, हे सी भाषेचे प्रमाणक ठरवून देत नाही. अनेकदा दिसते ते असे, की संख्या एकदम उणे २१४७४८३६४८ होते. ठेवीचे रूपांतर कर्जात होते आणि यंत्र त्याविषयी अवाक्षरही काढत नाही.

मग दशांश संख्यांचा ‘फ्लोट’ प्रकार वापरावा काय? तेथे दुसरी अडचण उभी राहते. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१७ ही संख्या ठेवली, तर ती १,६७,७७,२१६ होऊन परत येते. ०.१ ही साधी संख्याही द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. एक तृतीयांश दशांशात लिहिताना ३ ची रांग संपत नाही, तसेच हे. म्हणून पैशांच्या हिशेबाला साधा फ्लोट वर्ज्य मानतात आणि ६४ बिटचा पूर्णांक किंवा खास दशमान प्रकार पत्करतात.

मापाची ही चूक किती महाग पडते, हे जगाने ४ जून १९९६ रोजी पाहिले. युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झाले. ॲडा भाषेतील आज्ञावलीत ६४ बिटची एक दशांश संख्या १६ बिटच्या पूर्णांकात भरण्याचा यत्न झाला होता. त्या कप्प्यात ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. ही आज्ञावली एरियन-४ वरून जशीच्या तशी घेतलेली होती. जुन्या यानाच्या वेगाला जो कप्पा पुरला, तो नव्याच्या वेगाला पुरला नाही.

असाच एक मुहूर्त पुढे येऊ घातला आहे. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवितात. ही मोजणी ३२ बिटच्या चलात ठेवणाऱ्या यंत्रांचा कप्पा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला अशी यंत्रे डिसेंबर १९०१ ची तारीख दाखवू शकतील. आधुनिक संगणकांनी ६४ बिटचा चल स्वीकारला आहे. काळजी आहे ती कारखान्यांत व उपकरणांत वर्षानुवर्षे दडून राहिलेल्या जुन्या आज्ञावल्यांची.

कंपायलर दक्ष असतो. प्रकारांची गल्लत तो पुष्कळदा दाखवून देतो. परंतु पतसंस्थेच्या ठेवी उद्या किती वाढतील, यान किती वेगाने जाईल, आपली आज्ञावली आणखी किती वर्षे वापरात राहील, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. नोटेवरचे सहा अंक संपले तर काय करायचे, याची सोय क्रमांकाची रचना ठरवितानाच करावी लागते. छपाई सुरू झाल्यावर नव्हे. चलाचा प्रकार निवडणाऱ्यानेही घोषणेची ओळ लिहिण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.