नागपूरचा पाऊसही गोदावरीतच जातो, मग मराठवाडा कोरडा का?

नागपुरात पडलेला पाऊस शेवटी कुठे जातो? नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, तिथून प्राणहितेत आणि मग गोदावरीत. म्हणजे नाशिक आणि नागपूर ही दोन्ही शहरं एकाच खोऱ्यात येतात.

खोरं म्हणजे काय, तर ज्या भागातलं पाणी उताराने वाहत शेवटी एकाच नदीला मिळतं तो सगळा भाग. गोदावरीचं खोरं आहे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे देशाचा जवळपास दहावा हिस्सा. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग एकट्या महाराष्ट्रात आहे.

नदी उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर. पण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे, त्यामुळे गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी नदी दारातून जाते तरी मराठवाड्यात टँकर का लागतात?

तर सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो पाऊस पडतो, पण पूर्वेला थोडं पुढे आलं की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी येतं ते गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा या नद्यांचं. त्यांचा मुख्य आधार म्हणजे घाटमाथ्याची चिंचोळी पट्टी. आणि जायकवाडीच्या वर याच नद्यांवर गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा अशी धरणं आहेत.

खोऱ्यातला दुसरा भरपूर पावसाचा भाग आहे पूर्वेला. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगेचं पाणी आणणारी प्राणहिता खोऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग व्यापते. पण ती गोदावरीला भेटते गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळ. तोवर गोदावरी मराठवाडा मागे टाकून तेलंगणात पोचलेली असते. पुढे इंद्रावती आणि शबरी मिळतात, नदी आणखी फुगते. त्यामुळे भद्राचलमला पूर आला, म्हणून जायकवाडी भरेलच असं नाही.

म्हणूनच पाऊस कमी झाला की नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा वाद पेटतो. वरच्यांचं म्हणणं, आमच्या धरणांवर आमची शेती उभी आहे. खालच्यांचं म्हणणं, नदी एकच आहे, छत्रपती संभाजीनगरने प्यायचं काय?

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं. टंचाई आली तर ती खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची, असा त्याचा साधा अर्थ. नकाशावर खोरं एकच दिसतं. ते खरंच एक आहे का, हे मात्र तुटीच्या वर्षी धरणाचे दरवाजे उघडतानाच कळतं.