बोनसची रेषा

तापीकाठच्या या बुऱ्हाणपुरात आमच्या शाळेच्या पटांगणावर कबड्डीचा डाव रंगला, की आम्ही कचेरीतले कागद बाजूस सारतो. कोणी चढाईत तरबेज, कोणी कोपऱ्यात घोटा धरण्यात. परंतु एकाच कसबाचे पारडे जड होऊ नये, याची काळजी नियमांनीच वाहिली आहे. समोर सहा वा सात गडी असतील तेव्हाच बोनस रेषेचा गुण मिळतो. मात्र त्या गुणाने आपला बाद गडी उठत नाही. उलट तिघे वा त्याहून कमी उरलेल्यांनी पकड केली, तर एक गुण अधिक. सारा संघ बाद झाला, की प्रतिपक्षास लोणाचे दोन गुण.

गेल्या वर्षी एका चपळ मुलास आम्ही केवळ चढाईच शिकविली. सामन्यात अखेर तो एकटाच उरला. त्या क्षणी एक पकड दोन गुणांची होती. त्याला ती येत नव्हती. लोण चढला. मुलगा खाली मान घालून रडला. चूक मात्र आमची होती.

मुलांस नैपुण्य अवश्य द्यावे. पण त्याच्या उणिवेचा दंड त्यांनी एकट्याने का भरावा? यंदा तो आधी पकड शिकतो आहे.