बर्डीवरची नाशपाती: देठाजवळ दाबून बघा

श्रावण आला की नागपुरात सीताबर्डीच्या, म्हणजे आपल्या बर्डीच्या मेन रोडवर हातगाड्यांवर नाशपातीचे ढीग दिसू लागतात. घरी नेलेली पहिल्याच दिवशी कापून "कडक आहे, चव नाही" म्हणणारे खूप भेटतात. अहो, थांबा थोडं!

आपलं संत्रं झाडावर पिकतं, तोडल्यावर गोड होत नाही. बब्बूगोशा या मऊ नाशपातीचं उलट. तो कडक असतानाच तोडतात आणि तो पिकतो घरात, तेही आतून बाहेर. झाडावरच राहू दिला तर गाभा रवाळ, पिठूळ होतो. म्हणून पोटाला दाबू नका, देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबा. तिथे किंचित दबला की आजच खा. पोट मऊ होईपर्यंत थांबलात, तर आत तपकिरी झालेलं असतं. घाई असेल तर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनने लवकर पिकतो. फ्रिजमध्ये पिकल्यावरच.

पंजाबची पथरनाख नाशपाती वेगळी. ती नावाप्रमाणे टणक, कुरकुरीतच खायची. काळं मीठ लावून तर फारच छान लागते.

नागपुरात झाड लावायचं का, असं बरेच जण विचारतात. मी नको म्हणेन. कळ्या फुटायला नाशपातीला हिवाळ्यात ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. पथरनाखला त्यामानाने कमी पुरतात, पण आपल्याकडे काही पहाटे सोडल्या तर तेवढी थंडी नसते, आणि वर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. अंगणात संत्रं लावा, नाशपाती बर्डीवरून आणा. चार कडक, दोन देठाशी मऊ अशी निवडून घ्या, आठवडाभर पुरतात.