टायटॅनियमची खिशातली विजेरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावाकडे विजेरीला आजही ‘बॅटरी’च म्हणतात. पत्र्याची किंवा पितळेची, दोन-तीन मोठे सेल घातलेली, दाराशेजारच्या खुंटीला अडकवलेली. रात्री पाणी धरायला शेतावर निघालेला माणूस काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात गेली काही वर्षं त्याच बॅटरीचं करंगळीएवढं नातवंड आहे: एक ट्रिपल ए सेल, एक एलईडी आणि टायटॅनियमची नळी. ती हातात घेणारा प्रत्येक जण आधी धातूचं कौतुक करतो आणि मग धातूकडून भलत्याच अपेक्षा करतो. हा धातू मला मनापासून आवडतो. म्हणूनच तो काय देतो आणि काय देत नाही, हे नीट सांगावंसं वाटतं.

गैरसमज १ : टायटॅनियम दुर्मीळ आहे, म्हणून महाग आहे.

वस्तुस्थिती : पृथ्वीच्या कवचात विपुलतेने सापडणाऱ्या मूलद्रव्यांत टायटॅनियमचा नववा क्रमांक लागतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट असतं आणि इल्मेनाइट हे टायटॅनियमचंच खनिज. घराच्या भिंतीला लावलेल्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियमचं ऑक्साइड असतं. अवघड आहे ते खनिजातून धातू वेगळा काढणं. त्यासाठी आधी टायटॅनियमचं क्लोराइड बनवायचं आणि मग हवा पूर्णपणे दूर ठेवून, वितळलेल्या मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातला धातू मोकळा करायचा. विल्यम क्रोल यांची ही पद्धत १९४०च्या आसपासची, आणि आजही मुख्यतः तीच वापरात आहे. भारतात केरळमधल्या चवरा इथे २०११मध्ये असा कारखाना सुरू झाला.

दुसरा खर्च लेथवर होतो. टायटॅनियम उष्णता फारशी पुढे पोचवत नाही. कापताना तयार झालेली उष्णता हत्याराच्या टोकाशीच साठते आणि टोक लवकर झिजतं. त्यामुळे लेथ सावकाश चालवावा लागतो, शीतक द्रवाची धार सतत सोडावी लागते. धातूचा हा स्वभाव लक्षात ठेवा, कारण विजेरी पेटवल्यावर तो पुन्हा आडवा येतो.

गैरसमज २ : टायटॅनियमची विजेरी सगळ्यात हलकी असते.

वस्तुस्थिती : एक घनसेंटिमीटर टायटॅनियमचं वजन सुमारे ४.५ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचं २.७, पोलादाचं ७.८ आणि पितळेचं साधारण ८.५ ग्रॅम. म्हणजे टायटॅनियम पोलादापेक्षा हलकं, पण अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड. त्याचं खरं वैशिष्ट्य वजनाच्या मानाने असलेली ताकद हे आहे. भिंत पातळ ठेवूनही नळीला पोचा पडत नाही. मात्र सर्वांत हलकी विजेरीच हवी असेल, तर अ‍ॅल्युमिनियमची घ्या, पैसेही वाचतील.

गैरसमज ३ : तिच्यावर ओरखडा पडत नाही.

वस्तुस्थिती : पडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चांगल्या विजेरीवर हार्ड ॲनोडायझिंगचा थर असतो. तो अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, म्हणजे रासायनिकदृष्ट्या माणिक आणि नीलम ज्याचे बनतात त्याच पदार्थाचा. तो उघड्या टायटॅनियमपेक्षा कठीण असतो, पण केसाहूनही पातळ. एकदा तो कडेला घासून गेला की खालचं मऊ अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं आणि खाऱ्या घामाने खाल्लं जातं. टायटॅनियमवर असं वेगळं कवच नसतं. खिशातल्या वाळूच्या कणाने त्यावर बारीक रेघा उमटतात, पण रेघेखालीही तोच धातू, त्याच रंगाचा. हवेशी संपर्क येताच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो. म्हणून घाम असो वा कोकणातली खारी हवा, ती त्याला सोसते. माझ्या विजेरीवर शेकडो रेघा आहेत, गंजाचा ठिपका एकही नाही.

काही टायटॅनियमच्या विजेऱ्या निळ्या, जांभळ्या किंवा सोनेरी असतात. तो रंग लावलेला नसतो. विजेचा दाब देऊन हाच पापुद्रा थोडा जाड केलेला असतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग जसे दिसतात, तसेच हे प्रकाशाचे रंग. रोजच्या घासण्याने ते कडांवरून जातात.

गैरसमज ४ : टायटॅनियम गरम होत नाही, म्हणून प्रकाश जास्त वेळ टिकतो.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त फसगत इथे होते. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जातो. ती उष्णता नळीतून हातापर्यंत आणि हवेत गेली तरच एलईडी सुखात राहते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजण्याच्या एककात तांबं सुमारे ४००, विजेरीसाठी वापरलं जाणारं अ‍ॅल्युमिनियम सुमारे १६५ आणि टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातू फक्त ७च्या आसपास. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी.

परिणाम असा की मोठा प्रकाश लावल्यावर शेपटीकडे हात लावला तर ती गार लागते आणि आपण खूश होतो, पण डोक्याकडचा भाग चटका देण्याइतका तापलेला असू शकतो. उष्णता नाहीशी झालेली नसते, एलईडीपाशी कोंडलेली असते. चांगल्या विजेरीतलं सर्किट हे ओळखून प्रकाश आपोआप कमी करतं. म्हणून तेच सर्किट, तीच एलईडी असली, तरी टायटॅनियमच्या आवृत्तीत मोठा प्रकाश बहुधा लवकर उतरतो. काही उत्पादक एलईडीखाली तांब्याचा तुकडा बसवतात, त्याने थोडी मदत होते. पण टायटॅनियमची छोटी विजेरी मध्यम आणि मंद प्रकाशासाठीच आहे. कुलूप शोधणं, फ्यूज पाहणं, झोपलेल्या घरात स्वयंपाकघरापर्यंत जाणं, या कामांत ती तापतच नाही.

गैरसमज ५ : जितके लुमेन जास्त, तितका प्रकाश लांब जातो.

वस्तुस्थिती : लुमेन म्हणजे एकूण किती प्रकाश बाहेर पडला. तो किती एकवटलेला आहे, हे कँडेला सांगतं. विजेऱ्यांच्या मोजमापाचं अमेरिकी मानक २००९पासून आहे आणि बहुतेक उत्पादक त्याचाच हवाला देतात. त्यात प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत उतरतो तिथपर्यंतचं अंतर ‘पल्ला’ धरतात. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. ९०० कँडेलाचा पल्ला ६० मीटर येतो. तो १२० मीटर करायचा तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ३,६०० कँडेला लागतात. आणि त्या टोकाला फक्त चांदणंच असतं. माणूस ओळखायचा तर पल्ल्याच्या चौथ्या हिश्श्यावर भरवसा ठेवावा.

याच मानकात ‘किती वेळ चालते’ याचा अर्थ ‘प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत’ असा आहे. वेष्टनावरचे तास वाचताना हे आठवावं. हिशेब आपणही करू शकतो. ट्रिपल ए आकाराच्या रिचार्जेबल सेलमध्ये सुमारे एक वॉट-तास ऊर्जा असते. चांगली विजेरी एका वॉटमागे साधारण १०० लुमेन देते. म्हणजे १०० लुमेन सुमारे तासभर, किंवा १० लुमेन त्याच्या दसपट वेळ. या सेलवर ३०० लुमेन तासन्‌तास चालतात असा दावा कुणी केला, तर तो मानू नका.

गैरसमज ६ : निळसर पांढराशुभ्र उजेड म्हणजे सर्वांत चांगला उजेड.

वस्तुस्थिती : तो डोळ्यांत भरतो, पण रंग खोटे दाखवतो. उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, हे सीआरआय या अंकावरून कळतं. स्वस्त एलईडीचा हा अंक ७०च्या आसपास असतो, चांगलीचा ९०च्या पुढे. फरक कळतो तो वायरचे लाल आणि तपकिरी रंग वेगळे ओळखताना, जखम पाहताना, पाचोळ्यावर पडलेलं फुरसं वेळेत दिसायला हवं असतं तेव्हा. ९०च्या पुढच्या, किंचित पिवळसर उजेडाच्या एलईडीचे लुमेन कागदावर थोडे कमी असतात. मी तो तोटा आनंदाने पत्करतो.

गैरसमज ७ : टायटॅनियम आहे, म्हणजे पाण्याची भीती नाही आणि देखभालही नको.

वस्तुस्थिती : पाणी धातू अडवत नाही, आट्यांजवळची रबरी रिंग अडवते. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ‘आयपीएक्स ८’ म्हणजे त्याहून कडक कसोटी, पण किती खोल आणि किती वेळ, हे उत्पादकाने सांगितलेलं असतं, ते वाचावं. दोन्हींतल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही एवढाच. भर पावसात गड उतरताना सेल बदलायला टोपण उघडलं, तर कुठलाच अंक कामाचा नाही.

देखभालीचं कारण खास टायटॅनियमचं आहे. टायटॅनियमचे आटे टायटॅनियमवर कोरडे घासले, तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात, करकरतात आणि शेवटी जाम होतात. त्यावर उपाय सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका. आटे सुती फडक्याने पुसायचे, ग्रीसचा पातळ हात द्यायचा, रिंगेलाही लावायचा. खोबरेल लावू नये. थंडीत ते गोठतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. नळीची धातूची कड मात्र कोरडी, स्वच्छ ठेवायची, कारण वीज तिथूनच जाते. विजेरी लुकलुकायला लागली की ती बिघडली असं समजण्याआधी ही कड पुसून पाहा.

गैरसमज ८ : आकार जुळला की कुठलाही सेल चालतो.

वस्तुस्थिती : ट्रिपल ए सेल १.५ व्होल्टचा, त्याच आकाराचा रिचार्जेबल निकेलचा १.२ व्होल्टचा, आणि १०४४० नावाचा लिथियम सेल त्याच मापाचा असूनही ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२चा. सर्किट त्यासाठी बनवलेलं नसेल तर जळतं. बनवलेलं असलं तरी टायटॅनियमच्या छोट्या डोक्यात ती उष्णता मावत नाही. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच तो वापरावा. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, टोकं झाकून ठेवावेत.

साधा अल्कलाइन सेल वापरून संपला की आत विसरू नका. तो पाझरतो आणि क्षार आतल्या जोडण्या खातो. टायटॅनियमची नळी वाचते, सर्किट जातं. वरून नव्यासारखी दिसणारी मेलेली विजेरी हातात येण्यासारखं वाईट काही नाही. म्हणून मी रिचार्जेबल निकेलचा सेल वापरतो आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो काढून, आटे पुसून, पुन्हा भरून ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रकाश एलईडी देते, वेळ सेल देतो, पाणी रिंग अडवते आणि एलईडी व सेल यांना सांभाळतं ते सर्किट. सेल संपेल, रिंग सुकेल, दोन्ही बदलता येतात. टायटॅनियमची नळी त्या सगळ्यांनंतरही तशीच उरते. विकत घेताना आधी एलईडी, सर्किट आणि सेल पारखा. ते पसंत पडले, तरच धातूसाठी वेगळे पैसे मोजा. मग खुंटीवरची बॅटरी जशी एका पिढीने दुसरीच्या हातात दिली, तशी हीसुद्धा देता येईल.